भारद्वाजाचं दर्शन

घोडगंगा साखर कारखाना आमच्या न्हावऱ्याचाच, म्हणून चहूकडं ऊस. ऊस तिथं बिबट्या. त्याच्या धास्तीनं मुलानं पडवीला कॅमेरा बसवला. रात्री कुत्रं भुंकलं की आधी मोबाइल बघायचा, मग कडी काढायची. यंदा ज्येष्ठ लागता लागता कॅमेऱ्यासमोरच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलांनी वाटीएवढं घरटं केलं, आणि बिबट्या बाजूलाच राहिला.

तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबडे ठिपके. वटपौर्णिमेला पहिलं पिल्लू निघालं. नर-मादी सारखीच दिसतात. आई कोण, बाप कोण, मला अखेरपर्यंत ओळखता आलं नाही. दुपारी ऊन घरट्यावर आलं की दोघांतलं एक काठावर उभं राही, पंख अर्धे उघडे, चोच वासलेली, गळा धापेनं हलतोय. आणि सावली बरोबर पिल्लांवर पडलेली.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तेवढा भाग कितीदा वाचलाय. मोबाइलमध्ये तासन् तास बघताना वाटायचं, तो दुसरा पक्षी तो मीच. कुणाला धक्का नाही, कशात हात नाही.

सातव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना बांधावर भारद्वाज दिसला. हात जोडले. शुभशकुन! दहाच्या सुमारास भाकरी थापताना समोरच्या मोबाइलमध्ये तेच तांबूस पंख, तोच लाल डोळा. डोकं घरट्यात गेलं, बाहेर आलं ते पिल्लू घेऊन. थोड्या वेळानं पुन्हा. बुलबुल दोन्हीकडून झडप घालत होते. मी चुलीपाशी, घरट्यापासून वीस पावलांवर होते, आणि हातातली भाकरी पुरी थापली.

त्याला साक्षीभाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मोबाइलमधलं मला परगावचं वाटलं, एवढंच. संध्याकाळी पोथी पुन्हा उघडली. ते दोन पक्षी एकमेकांचे सखे आहेत, असं तिथं आधीच म्हटलंय. तो शब्द मी दरवेळी ओलांडून जात होते. बघणारा त्याच झाडावर बसलाय. फांदी हलली की त्याच्याही पायाखालची हलते. मी झाडावर नव्हतेच.

"आत्या, आता तो दिसला तर पाया पडाल?" सुनेनं विचारलं. पिल्लू त्यानं तिथं खाल्लं नव्हतं, चोचीत धरून फडात नेलं होतं. तिथं त्याचीही वाट बघणारं कुणी असेल. शकुन कुणासाठी, हे मी सकाळी विचारलंच नव्हतं.

तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला आली, त्या दिवशी उरलेलं पिल्लू घरट्याच्या काठावर आलं. घरातली सगळी दर्शनाला गेली. मी मोबाइल फळीवर ठेवला आणि पडवीत वेलीपासून चार हातांवर जाऊन बसले. आईबाप करंजावरून चोचीत अळी धरून त्याला बोलावत होते. इतक्यात फडातून भारद्वाजाचं घुमणं ऐकू आलं. सवयीनं हात जुळले. नजर मात्र वेलीवरून हलली नाही.