लॅमेटासॉरस: नाव, हाडे आणि नकाशा

लॅमेटासॉरस इंडिकस या डायनोसॉरला नाव मिळाले ते चिलखती शाकाहारी म्हणून. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर खोदकाम केले. तिथे मिळालेली कमरेची हाडे, नडगी आणि त्वचेतल्या हाडांच्या जाड चकत्या त्यांनी एकाच प्राण्याच्या मानल्या. १९३५ साली चक्रवर्ती यांनी याला हरकत घेतली: कंबर आणि नडगी मांसाहाऱ्याची आहे, चकत्या दुसऱ्याच कुणाच्या. त्या बहुधा लांब मानेच्या टायटनोसॉरच्या असाव्यात. अशा प्राण्यांना चिलखत असू शकते हे अर्जेंटिनातल्या साल्टासॉरसमुळे १९८० मध्ये पक्के झाले, तेव्हा मॅटलींना फार दोष देता येत नाही.

सापडलेले हाड आणि रचलेला प्राणी यांत फरक करायलाच हवा. बडा शिमल्याच्या एकाच थरात अनेक प्राण्यांची हाडे मिसळली होती. त्यांतून फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये इंडोसुकस, इंडोसॉरस अशी कितीतरी नावे दिली. कॉम्प्सोसुकस तर मानेच्या एका मणक्यावर उभा आहे.

अशी नावे सरसकट रद्द करावीत, असे एक मत आहे. कॉम्प्सोसुकसपुरते ते मान्य करावे लागते. पण इंडोसुकसचे काय? १९७८ मध्ये शंकर चटर्जी यांनी तो टायरॅनोसॉरच्या कुळात ठेवला. १९८५ मध्ये अर्जेंटिनात अ‍ॅबेलीसॉरसचे वर्णन झाले आणि जबलपूरच्या कवटीच्या तुकड्यांचे खरे नाते कळले: ते दक्षिणेकडच्या खंडांवरच्या वेगळ्याच शिकारी कुळाचे होते. ते तुकडे छापून ठेवले नसते, तर हे नाते जुळले नसते. इथवर नावांची बाजू भक्कम वाटते. पण नीट पाहिले तर उपयोगी पडली ती वर्णने आणि चित्रे, नावे नव्हेत. लॅमेटासॉरसची मूळ हाडे पुढे हरवली, तरी मॅटलींच्या चित्रांवरून त्याची कंबर आजही तपासता येते.

चित्रातून एक गोष्ट मात्र कळत नाही: कोणते हाड कोणाशेजारी पडले होते. गुजरातेत रहिओलीला १९८२ ते १९८४ दरम्यान हाडे गोळा करताना सुरेश श्रीवास्तव यांनी त्यांच्या जागांचा नकाशा केला. त्या नकाशामुळेच कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर आणि पायाची हाडे एकाच प्राण्याची आहेत हे दाखवता आले, आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव देता आले. बडा शिमल्याच्या हाडांसाठी असा नकाशा असता, तर चकत्यांचा वाद कदाचित लवकर मिटला असता.