बाजारात ‘नाही’ म्हणता येतं का?



आजचं चिंतन ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रावर. सगळं जग ईश्वराने व्यापलेलं आहे. त्यागपूर्वक उपभोग घे, कोणाच्या धनाचा लोभ धरू नकोस, असा त्याचा साधारण अर्थ. यावर आपल्यातले बरेचजण विचारतात, की मग आपण ज्या खुल्या बाजारात पगार घेतो, शेअर घेतो, तो तर लोभावरच चालतो ना? सकाळी उपनिषद आणि दहा वाजता लॉगिन, हे जमायचं कसं?

खुल्या बाजाराचा विचार मांडणारा ॲडम स्मिथ मुळात ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ चं. पण त्याआधी १७५९ मध्ये त्याने नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की आपल्या आत एक निःपक्षपाती प्रेक्षक असतो आणि आपण स्वतःला त्याच्या नजरेतून तपासतो. आपल्या वेदान्तातला साक्षी तो नव्हे. साक्षी निवाडा करत नाही, हा करतो. पण स्वतःकडे बाहेरून बघायची सवय दोन्हीकडे लागते.

बेकरीवाला दयेपोटी पाव देत नाही, स्वतःच्या फायद्यासाठी देतो, हे स्मिथचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यातून ‘लोभ चांगला’ असा अर्थ काढला जातो. पण नीट बघा. बेकरीवाला मला पाव घ्यायला भाग पाडू शकत नाही आणि मीही त्याचा पाव हिसकावू शकत नाही. दोघांनाही ‘नाही’ म्हणता येतं. माझ्या मते बाजाराचा नैतिक पाया इथे आहे. समोरच्याच्या धनावर माझा हक्क नाही, हे आधी मान्य करावं लागतं. उपनिषदाच्या दाराशी आपण इथेच पोचतो.

म्हणूनच स्मिथ ईस्ट इंडिया कंपनीवर तुटून पडला. बंगालमध्ये कंपनीचे अधिकारी शेतकऱ्याला कधी अफूचं उभं पीक नांगरून धान्य पेरायला लावत, तर कधी धान्य मोडून अफू पेरायला, जसा त्यांचा नफा असेल तसं. हे त्याने लिहून ठेवलंय. तिथल्या दुष्काळात कंपनीच्या माणसांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांमुळे टंचाईचा भूकबळी झाला असावा, असंही तो म्हणतो. कंपनी नफ्यासाठीच होती, पण तिथे शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. मग तो बाजार कसला?

पण ज्याच्या घरात दाणा नाही, त्याचा ‘हो’ तरी कितीसा मोकळा? स्मिथच्या मते न्याय हा समाजाचा पाया आणि परोपकार ही इमारतीची शोभा. इथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही.

तुकोबा वाणी होते, घरात सावकारी होती. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. कायद्याने वसुली करता आली असती, त्यात अन्याय नव्हता. तरी त्यांनी सोडलं. आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खतं. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना देऊन टाकला. दुसऱ्याच्या धनाला हात लावून दया केली नाही! त्यागपूर्वक म्हणजे काय, ते या एका प्रसंगात कळतं. न्याय दुसऱ्याचं राखतो, दया आपलं सोडते. बाजार पहिलं शिकवू शकतो. दुसरं बाजाराच्या हिशोबात बसत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आजची साधना छोटीशी. घरकामाच्या मावशींचा पगार, रिक्षाचं भाडं, फ्रीलान्सरचं बिल, असा एक व्यवहार निवडा आणि स्वतःला विचारा: समोरच्याला ‘नाही’ म्हणणं परवडलं असतं का? नसेल, तर भाव आपणच थोडा वाढवूया.

जय हरी विठ्ठल!