सांगणाऱ्याची जागा

शाळेत ‘डायरेक्ट’चं ‘इनडायरेक्ट’ करणं हा हमखास गुण देणारा प्रश्न असे. अवतरणचिन्हं काढा, ‘आय’चा ‘ही’ करा, ‘इज’चा ‘वॉज’ करा, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. सूर्य पूर्वेला उगवतो, असं त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळाला हात लावू नका. हे नियम आम्ही पाढ्यांसारखे घोकले. ते असे का, हे कुणी विचारलं नाही.

आता वाटतं, कारण साधं आहे. दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत असं सांगताना सांगणारा आपल्याच जागी, आपल्याच वेळेत उभा असतो. बोलणाऱ्याचं ‘इथे’ त्याच्यासाठी ‘तिथे’ झालेलं असतं, ‘उद्या’ उलटून गेलेला असतो. मराठीत मात्र ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ हे सहज चालतं. ‘मी’ त्याचाच, ‘उद्या’ही त्याचाच. संस्कृतातही बोलणं जसंच्या तसं ठेवून शेवटी ‘इति’ जोडतात. आपण बोलणाऱ्याचा आवाज उसना घेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तोच बोलतोय.

या उसन्या आवाजात आपलं किती मिसळावं?

वडील दवाखान्यात होते. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, “मला घरी ने.” रात्री मी परगावी असलेल्या भावाला फोन केला : “बाबा म्हणतात, की आता पुरे, मला आणखी काही करू नका.” त्याने क्षणभरही शंका घेतली नाही. आम्ही त्यांना घरी आणलं. तीन आठवड्यांनी ते गेले.

‘पुरे’ हा शब्द त्यांचा नव्हता. रात्री जागून थकलेल्या माझा होता. त्यांना कदाचित फक्त आपली खाट आणि आपली खिडकी हवी होती.

ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सहसा चालत नाही, कारण मूळ बोलणाऱ्याची उलटतपासणी करता येत नाही. 1872च्या पुरावा कायद्याने यातून मृत्युपूर्व जबानीला मात्र सूट दिली होती. नागपूरच्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली म्हटलं, की अशी जबानी प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्य तितकी बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहिलेली असेल, तर तिचं वजन अधिक. जो उद्या ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणू शकणार नाही, त्याचे शब्द अधिक जपायचे.

अर्थात, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगणं टाळता येत नाही. शाळेत ‘अलास’ खोडून ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’ लिहायचो, तेव्हाही समोरच्याचं दुःख आपणच ठरवत होतो. पण ते दुःखाने म्हणाले, हा अंदाज निदान सांगणाऱ्याच्या तोंडी राहत होता. मी माझा अंदाज वडिलांच्या तोंडी घातला, त्यांच्या ‘मला’सकट.

त्या रात्री दोन वाक्यं पुरली असती. ‘बाबा घरी ने म्हणाले. मला वाटतं, ते थकलेत.’ पहिलं त्यांचं, दुसरं माझं. मग भावाने कदाचित विचारलं असतं, “नक्की काय म्हणाले?”

ही दोन वाक्यं मी त्याला अजून सांगितलेली नाहीत.