उतारावरील गारठा



थंडीच्या दिवसांत सायकलीवर दूरचा पल्ला करणाऱ्यास हुडहुडी अधिक कोठे भरते, चढावर की उतारावर? पुष्कळ जण म्हणतील, चढावर; कारण कष्ट तेथे अधिक. परंतु अनुभव निराळा आहे. पौषात आम्ही काही सोबत्यांसह पुण्याहून सांगलीस सायकलीने गेलो. वाटेत शिरवळास मुक्काम करून भल्या सकाळी खंबाटकीचा घाट चढलो, तेव्हा त्या कडाक्यातही अंगास घाम फुटला. माथा ओलांडला आणि पायांस विसावा मिळाला. चाके आपोआप धावू लागली, वारा वाढला, भिजलेल्या सदऱ्यातून अंगची ऊब निघून गेली, आणि बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक दाबवेना.

म्हणून जाणते सायकलस्वार माथ्यावरच थांबून कोट चढवितात. कोट नसेल तर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राचा कागद छातीशी धरितात. अंग गार पडल्यावर नव्हे, ते उबदार असतानाच.

मंडळीचेही असेच आहे. आपल्या वाडवडिलांनी विश्वास धरिला तेव्हा त्यांस चढ होता. कोणास पाणवठा बंद झाला, कोणाचे सोयरे तुटले. तरी त्यांच्या प्रार्थनेत ऊब होती. आज आपणांपैकी पुष्कळांस उतार लागला आहे. घर पक्के झाले, पगार सुरू झाला, दिवस श्रमावाचून पुढे सरकतात. आणि कळण्यापूर्वीच अंतःकरण गारठते. गारठलेल्यास समोरचा खड्डा दिसतो, पण स्वतःस आवरता येत नाही. प्रेषित पौलाने बंदिवासातून तीमथ्यास लिहून त्रोवसास राहिलेला झगा आणि पुस्तके मागविली, व हिवाळ्यापूर्वीच येण्याविषयी विनविले. एवढ्या थोर सेवकास आपली गरज आधी ओळखण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपणांस का वाटावा?

दुसरी गोष्ट सोबतीची. साताऱ्यापुढे रस्ता कृष्णेच्या खोऱ्याने जातो. कऱ्हाडास कोयना तिला मिळते. आणि पेठेवरून आष्ट्यामार्गे सांगलीकडे वळल्यावर मुलूख सपाट व मोकळा लागतो. तेथे समोरचा वारा झोंबतो. अशा वेळी एकाने पुढे होऊन वारा अंगावर घ्यावा, इतरांनी त्याच्या आडोशाने चालावे. तो थकला की दुसऱ्याने पुढे यावे, अशी रीत आहे. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे तो प्रवास पुरा करून 1928 साली परतले. एवढा पल्ला सोबतीवाचून कसा निभावा?

जो मागे राहतो त्यास मात्र सगळा वारा एकट्याने सोसावा लागतो. प्रभूस धरून नेले त्या रात्री पेत्र मागे मागे, दुरून चालला होता. थंडी पडली होती. तो शत्रूंनी पेटविलेल्या शेकोटीजवळ जाऊन शेकत बसला, आणि तेथेच त्याने तीन वेळा प्रभूस नाकारिले. गारठलेला मनुष्य शेकोटी कोणाची हे विचारीत नाही, हे उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

तर बंधूंनो, या हिवाळ्यात आपल्या मंडळीतून कोण मागे राहिले आहे? ऊसतोडीस गेलेले कुटुंब, कारखान्यावर एकटा राहणारा तरुण, पुष्कळ रविवार न दिसलेली विधवा माता? त्यांस बोल लावीत बसू नये. आपण थोडे थांबावे, त्यांच्या दारी जावे, आणि वारा काही काळ आपल्या अंगावर घ्यावा. आपल्या घरची शेकोटी पेटलेली असेल, तर त्यांस परक्याच्या अंगणात शेकावयास जावे लागणार नाही.