बांध कोणाचा?

बोरगावात बसून समुद्राविषयी लिहिणे विचित्र वाटेल. परंतु भरतीचे पाणी अडविणे हा मुळात नीतीचाच प्रश्न आहे. गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन शतकानुशतके मातीच्या बांधांवर आणि मानशींवर तगली. भरतीच्या दाबाने मानशीचे दार मिटते, ओहोटीला उघडते. बांधाची देखभाल गावकारी करी. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली; पुढे अनेक ठिकाणी भातापेक्षा मानशीतल्या मासळीच्या लिलावाला मोल आले आणि खारे पाणी मुद्दाम शेतात घेतले गेले.

तरीही जुन्या व्यवस्थेचे गोडवे मला गाता येत नाहीत. तेथे मत गावकर पुरुषांचे. बांधावर चिखल वाहणाऱ्या बाईला कोण विचारणार? २०२१ साली किनारा व्यवस्थापन आराखड्यावर जनसुनावणी झाली, सर्वांना बोलावणे होते. पण नकाशा आधीच काढलेला! आखून झाल्यावर मत मागणे याला सहभाग म्हणावे काय?

हा प्रश्न गोव्याला विचारणे सोपे आहे. आमच्या संत्राबागेत कूपनलिका खणताना शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होईल, हे वडिलांनी त्याला विचारले नव्हते. दुसरी मी खणली. मीही विचारले नाही.