तिकिटावर नाव नसतं

हिंदी ‘दृश्यम’ ३१ जुलै २०१५ ला झळकला, तेव्हा किनवटच्या बऱ्याच घरांत त्याची गोष्ट आधीच पाठ होती. ज्या घरांत तेलुगू बोलली जाते, किंवा बोलता येत नसली तरी समजते, तिथे व्यंकटेशचा तेलुगू ‘दृश्यम’ वर्षभर आधीच पाहून झाला होता. आमच्याकडे तेलुगू समजायला कोणी शिकवणी लावत नाही. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांच्या पुनर्रचनेत तालुका नांदेडला जोडला गेला, पण सोयरिकी, बाजारहाट आणि सिनेमाची आवड होती तिथेच राहिली. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि दखनी उर्दू एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. एकच गुन्हा दोन भाषांत पाहणारा प्रेक्षक इथे आपसूक तयार होतो.

रहस्यपटाचं रहस्य एकदा कळलं की पुन्हा पाहण्यात राम नाही, असं आपण म्हणतो. ‘दृश्यम’ला ते लागू पडलं नाही. खून कोणी केला, का केला, हे प्रेक्षकाला मध्यंतराच्या आधीच ठाऊक असतं. पुढचा सगळा खेळ आहे तो जबाबांचा. पोलिसांपुढे ही माणसं टिकतात की फुटतात, हे पाहायला लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतात. तेलुगूतला रांबाबू सुटला हे माहीत असलेला माणूसही हिंदीतला विजय साळगावकर सुटेल ना, म्हणून श्वास रोखून बसतो. हे काय आहे, याचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे.

मूळ मल्याळम ‘दृश्यम’ जीतू जोसेफ यांचा, डिसेंबर २०१३ चा. पुढच्या दोन वर्षांत त्याचे कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अवतार निघाले, नंतर सिंहली आणि चिनीसुद्धा. चौथीपर्यंत शिकलेला, केबलचा धंदा करणारा, सिनेमावेडा बाप. त्याच्या मोठ्या मुलीचं एक मुलगा चोरून चित्रण करतो, घरी येऊन धमकावतो आणि झटापटीत तिच्या हातून मरतो. तो मुलगा निघतो पोलीस महानिरीक्षक बाईंचा. बाप प्रेत नाहीसं करतो आणि बायकोमुलींकडून एक पाठ घोटून घेतो की त्या दोन दिवशी आपण गावात नव्हतोच.

रिमेक करणाऱ्याची खरी परीक्षा या पाठात असते. मल्याळममधला जॉर्जकुट्टी कुटुंबाला ख्रिस्ती ध्यानशिबिराला नेल्याचं सांगतो, ऑगस्टच्या २ आणि ३ तारखेला. हिंदीत गोष्ट गोव्यात आली. दिग्दर्शक निशिकांत कामत आणि रूपांतर करणारे उपेंद्र सिधये, दोघेही मराठी. त्यांनी ध्यानशिबिराच्या जागी पणजीचा सत्संग आणला, जोडीला पावभाजी आणि सिनेमा दिला, आणि तारीख धरली २ ऑक्टोबर. आज दरवर्षी गांधीजयंतीला मोबाईलवर त्या सत्संगाची आणि पावभाजीची आठवण काढणारे निरोप फिरतात. सत्याचे प्रयोग करणाऱ्या माणसाच्या जन्मदिवशी लोक हौसेने एका बनावाची आठवण काढतात, याचा मला राग येत नाही, पण ती गोष्ट मी हसण्यावारीही नेऊ शकत नाही.

सिनेमात माणसं सर्वात आधी चवताळतात ती धाकट्या मुलीला, अनूला मारहाण होते तेव्हा. कमलेश सावंत यांनी उभा केलेला पोलीस गायतोंडे त्या पोरीवर हात टाकतो, आणि तोवर गप्प बसलेल्या बायका पडद्याला शिव्या देऊ लागतात. पोलीस ठाण्याचं ते वातावरण आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट मराठवाड्याच्या कानाला लागते. महानिरीक्षक बाईंचं आडनाव देशमुख आहे. दिल्लीच्या प्रेक्षकाला ते केवळ एक मराठी आडनाव वाटत असेल. निजामाच्या राज्यात ज्यांच्या आज्यांनी वतनदारांच्या वाड्यापुढे उभं राहून सारा भरला, त्यांना त्या खुर्चीत वर्दीच्या आधी वाडा दिसतो. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. रिमेक नव्या मुलखात आला की मुलूख त्यात आपलं काही घालतोच.

माझं म्हणणं असं आहे की या सिनेमात टाळ्या खुनाला पडत नाहीत, बापाच्या मायेलाही तितक्या पडत नाहीत. त्या पडतात कागदाला. बसची तिकिटं, हॉटेलच्या वहीतली नोंद, सिनेमाची तिकिटं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस सरकारपुढे एकेक चिठोरं ठेवतो आणि सरकार निरुत्तर होतं. ही घटना आमच्या भागात कोणी पाहिलेली नाही. आमच्याकडे कागद नेहमी उलट बाजूने साक्षीला येतो.

किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाबाहेर किंवा तहसिलीच्या ओट्यावर कधीही जा. माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेली दिसतील. आजोबाचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, त्यावर जातीच्या रकान्यात मास्तरने घाईने लिहिलेलं काहीबाही. खासरा पाहणीची नक्कल. चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र. निजामाच्या वेळचा उर्दू कागद, जो वाचून दाखवायला मौलवीसाहेबांना गाठावं लागतं. जिल्हा बदलला म्हणून जुनी दप्तरं शोधायला दुसऱ्या राज्यात, आदिलाबादेकडे फेऱ्या. मी एका म्हाताऱ्याला पाहिलं होतं. त्याच्या उताऱ्याची घडी मोडून मोडून दोन तुकडे झाले होते आणि मागून शाळकरी वहीच्या कव्हराचा कागद डकवला होता. आपण कोण आहोत हे त्याला माहीत होतं, पाड्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्याने भागत नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि हा कागदाचा शोध मराठवाड्याच्या घराघरांत शिरला. मराठा कुटुंबं कुणबी नोंदी धुंडाळू लागली, बंजारा समाज त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागत रस्त्यावर आला, आदिवासी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. त्या मागण्यांचा निवाडा करायची ही जागा नव्हे. पण आपलं खरं शंभर वर्षांपूर्वीच्या दप्तरात कुठे तरी दडलेलं आहे आणि ते सापडलं तरच आपण खरे, ही भावना या मुलखात आता सर्व जातींना सारखी झाली आहे. अशा प्रेक्षकापुढे विजय साळगावकर येतो. तो कागद शोधत बसत नाही, जमवतो. माणसांची स्मृतीसुद्धा जमवतो. हॉटेलवाल्याला, कंडक्टरला तो पुन्हा पुन्हा भेटून ती तारीख बोलण्यात आणतो, इतकी की त्यांना ती स्वतःची आठवण वाटू लागते. पोलिसांना ते जे सांगतात ते त्यांच्या परीने खरंच असतं.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर राहतात. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. ‘दृश्यम’वर त्यांचं मत मी मुद्दाम विचारलं, कारण त्यात कंडक्टरच्या साक्षीला फार मोल आहे. ते म्हणाले, “तिकीट खोटं बोलत नाही म्हणतेत. पण सर, तिकिटावर माणसाचं नाव कुठं असतंय? कुठून कुठं, किती वाजता, फुल किती, हाफ किती. एवढंच. बसला कोण होता ते तिकिटाला काय ठाव?” मग थोडं थांबून म्हणाले, “अन् मशीनचं तिकीट उन्हाळाभर खिशात राहिलं तर पांढरं फटक पडतंय. पंचाचं तिकीट टिकायचं.”

मामांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. कागद एवढंच सांगतो की कोणीतरी होतं. तो कोणीतरी म्हणजे हाच माणूस, हे सांगायला दुसरा माणूस लागतो, आणि त्या दुसऱ्या माणसाचा शब्द कोणी मानायचा हा प्रश्न सत्तेचा आहे. वनहक्क कायदा झाला तेव्हा त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही पुरावा धरला गेला. किनवट तालुक्यातली कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. म्हाताऱ्याचा शब्द पुस्तकात आला. दावे तपासताना त्या शब्दाला किती वजन मिळतं, हे ज्यांनी दावे भरले त्यांना विचारावं.

इथे मला निशिकांत कामत यांचाच दुसरा चित्रपट आठवतो. ‘डोंबिवली फास्ट’, २००५ चा. ‘दृश्यम’च्या बरोबर दहा वर्षं आधीचा. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे, संदीप कुलकर्णींनी केलेला, नियमावर विश्वास ठेवणारा माणूस. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे का द्यायचे, रांग का मोडायची, लाच का चारायची, असे साधे प्रश्न विचारता विचारता तो हातात बॅट घेतो आणि शेवटी पोलिसांच्या हातून मरतो. आपट्यावरही तेव्हा प्रेक्षकांनी जीव टाकला होता. कामतांनी त्याचा तमिळ रिमेकही स्वतःच केला. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की दहा वर्षांत आपला नायक कुठून कुठे आला ते दिसतं. आपट्याला व्यवस्था खरी वागायला हवी होती. साळगावकरने ती अपेक्षाच सोडली आहे. व्यवस्थेला काय दिसलं की ती गप्प बसते, एवढंच तो शिकला आहे आणि म्हणून जिवंत आहे. आपण आपट्यासाठी हळहळलो आणि साळगावकरसाठी टाळ्या वाजवल्या. कामत १७ ऑगस्ट २०२० ला हैदराबादेत गेले. या दोन माणसांमधलं अंतर त्यांनी स्वतः कसं मोजलं असतं, हे ऐकायला मला आवडलं असतं.

चिनी आवृत्तीत बाप शेवटी स्वतःहून गुन्हा कबूल करतो. गुन्हेगार सुटलेला दाखवणं तिथल्या पडद्याला परवडणारं नाही, हे त्यामागचं कारण असावं. पण आमच्याकडे तो शेवट कोणी मान्य केला नसता, आणि त्यासाठी सेन्सॉरची गरज पडली नसती. ज्याने एकदा तरी व्यवस्थेला निरुत्तर केलं त्याला परत तिच्या हवाली करायला हा प्रेक्षक तयार नाही.

तरीही या टाळ्यांत दोन गोष्टी बुडून जातात आणि त्यांचं मला वाईट वाटतं.

पहिली ही की साळगावकर आपल्याला वाटतो तितका गरीब नाही. त्याच्याकडे धंदा आहे, जमीन आहे, गावात पत आहे, हॉटेलात कुटुंब घेऊन उतरण्याइतके पैसे आहेत. ज्याला खरोखर विचारलं जातं की त्या रात्री तू कुठे होतास, त्याच्याकडे तिकीट नसतं. मराठवाड्यात कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारधी वस्तीकडे वळते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गाडीची वाट बदललेली नाही. पालावर झोपलेल्या माणसाच्या नावाची नोंद कोणत्या वहीत असणार? ऊसतोडीला गेलेलं जोडपं कोणत्या रात्री कोणत्या फडावर होतं, हे मुकादमाच्या वहीत असलं तर असलं, आणि मुकादम कोणाच्या बाजूने बोलेल ते त्याचं तो ठरवतो. यांची साक्ष द्यायला शेजारच्या पालातला माणूसच असतो, आणि तोही संशयित. साळगावकरचा खोटा जबाब मानला जातो. यांचा खरा जबाब मानला जात नाही. ‘दृश्यम’ची गोष्ट या बाजूने कोणी सांगितली तर तिला रिमेक म्हणता येईल का, मला ठाऊक नाही, पण पाहायची आहे.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीने दाखवली. ती नांदेडला कायदा शिकते. सुट्टीत आली तेव्हा टीव्हीवर ‘दृश्यम’ चालू होता आणि आम्ही सगळे बापाच्या हुशारीवर बोलत होतो. ती म्हणाली, “मामा, अंजूला कोणी काही विचारतच नाही.” अंजू म्हणजे साळगावकरची मोठी मुलगी. मग भाचीने जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकात पाहून घेतलं. मूळ सिनेमा डिसेंबर २०१३ चा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फौजदारी कायदा बदलला होता आणि चोरून चित्रण करण्याचा गुन्हा ३५४-सी या कलमाने पुस्तकात आला होता. बलात्काराच्या हेतूने चालून येणाऱ्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना त्याचा जीव गेला, तर कलम १०० चा आधार इंग्रजांच्या काळापासून होता. नव्या न्याय संहितेतही ही दोन्ही कलमं आहेत, ७७ आणि ३८ या क्रमांकांनी. म्हणजे अंजूला बोलायला जागा होती. खटला सोपा गेला नसता, मुलगा बड्या अधिकाऱ्याचा होता. पण इतक्या भाषांतल्या इतक्या बापांपैकी एकालाही सुरुवातीला ठाण्यात जायचा विचार गंभीरपणे शिवत नाही आणि आम्हा प्रेक्षकांनाही त्यात खटकत नाही.

का खटकत नाही, याचं उत्तर राज्याच्याच एका जंगलपट्ट्यात आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पोलिसांनीच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही, अशा अर्थाची कारणं देऊन. चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तिथेही प्रश्न पुराव्याचाच होता. तिचा शब्द पुरेसा नव्हता, अंगावर खुणा हव्या होत्या. त्या कायद्याच्या बदलाने निदान एवढं झालं की ताब्यातल्या अत्याचारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयाने ते गृहीत धरावं.

भाचीला मी हे सांगितलं. तिला ते माहीत होतं, पहिल्याच वर्षी शिकवतात. पण देसाईगंज नेमकं कुठे आहे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने नकाशा काढून पाहिला. मग तिने विचारलं की दुसऱ्या भागात तरी अंजू काही बोलते का. हिंदी ‘दृश्यम २’ अभिषेक पाठक यांचा, २०२२ चा. त्यात मुलाच्या आईबापांच्या हाती निदान अस्थी पडतात, बाप कोर्टात पुन्हा जिंकतो. अंजू त्यात भेदरलेली आहे, झटके येतात तिला, औषधं चालू आहेत. कोर्टात मात्र तिला कोणी उभं करत नाही. मी तसं सांगितलं. तिने रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि आत जाऊन पुस्तक घेऊन आली. त्या रात्री उशिरापर्यंत ती अंजूची फिर्याद लिहीत बसली होती, ठाण्यात ज्या नमुन्यात लिहितात त्या नमुन्यात. पहिल्या ओळीत नाव, वय, राहणार, आणि मग काय घडलं ते.