संदेशाचें गांभीर्य कोणीं ठरवावें?

संगणकाच्या प्रोग्रॅममधून निघणाऱ्या संदेशांस गांभीर्याची पायरी लावणें हें काम वरवर पाहतां कारकुनी वाटतें. 'सूचना', 'इशारा' किंवा 'चूक' यांपैकीं एक शब्द संदेशाच्या डोक्यावर लिहावयाचा, इतकेंच. परंतु आमच्या मतें हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. कारण एकावर येणाऱ्या धोक्याचें मोल दुसऱ्यानें, आणि तेंही धोका उद्भवण्यापूर्वीं, ठरवावयाचें असतें.

१९८० च्या दशकांत एरिक ऑलमन यांनीं बर्कली येथें रचलेल्या 'सिसलॉग'मध्यें अशा आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सर्व यंत्रणाच निरुपयोगी झाल्याचें संकट. सात म्हणजे प्रोग्रॅम तपासणाऱ्यापुरतें टिपण. 'सी' भाषेंत लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा 'जीलिब' हा संग्रह याहून उदार. द्विमान अंकांचीं पहिलीं आठ घरें स्वतःकडे ठेवून पुढील घरें त्यानें प्रोग्रॅमकारास मोकळीं सोडलीं आहेत. एकास आठ घरें डावीकडे सरकविलें, कीं २५६ या किंमतीची आपली स्वतःची पायरी तयार! तिला 'महासंकट' म्हणा, नाहीं तर 'कुजबुज' म्हणा. 'जीलिब'ला त्याचें सोयरसुतक नाहीं. स्वतःच्या 'चूक' या पायरीवर तो प्रोग्रॅम तत्काळ बंद पाडतो. आपल्या 'महासंकटा'चा अर्थ मात्र आपणच बांधून द्यावा लागतो.

हा अर्थ बांधण्यांत हयगय झाली म्हणजे काय होतें, हें 'थेरॅक-२५' या किरणोपचाराच्या यंत्रानें दाखविलें. (त्याचा प्रोग्रॅम 'सी'मध्यें नव्हता, प्रश्न मात्र हाच.) १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें सहा रुग्णांस त्यानें बेसुमार मात्रा दिली, कांहीं दगावले. बिघाड झाल्यास हें यंत्र दोन प्रकारें थांबे. 'स्थगिती' आली तर सारी मांडणी पुन्हा करावी लागे. 'विराम' आला तर एक कळ दाबतांच उपचार पुढें चालू होई. १९८६ सालीं टेक्ससमधील टायलर येथें पडद्यावर 'बिघाड ५४' उमटला, तो विरामाच्या वर्गांतला. चालिकेनें सवयीनें कळ दाबली, आणि रुग्णास दुसरा तडाखा बसला.

तिला दोष देणें सोपें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. क्षुल्लक कारणांनीं वरचेवर थांबणाऱ्या यंत्रापुढें बसलेल्या माणसानें प्रत्येक विरामाला दचकावें, अशी अपेक्षा कोण करील? ५४ ला विरामाच्या वर्गांत बसविणाऱ्यास विचार करावयास सवड होती, तिला नव्हती.

मग सर्वच संदेश 'महासंकट' ठरवावे काय? तसें केल्यास तोही शब्द चार दिवसांत विरामाच्याच मोलाचा होईल. आम्ही एवढेंच विचारूं, कीं संदेश वाचणाऱ्यानें काय करावयाचें? दोन पायऱ्यांना उत्तर एकच येत असेल, तर त्या दोन नव्हेत. उलट, पेढीच्या हिशेबांत तफावत आढळली, आणि 'जुने व्यवहार दिसूं द्या, नवे घेऊं नका' असें सांगावयाचें असेल, तर तें 'इशारा' यांतही मावत नाहीं आणि 'चूक' यांतही नाहीं. तेथें २५६ ची नवी पायरी अवश्य करावी, आणि व्याख्येच्या शेजारींच तें वाक्य लिहून ठेवावें.